उंची बदलली की विमानाच्या तापवणाऱ्या बर्फरोधक यंत्रणेचे गणित कसे बदलते: पायरीपायरीने

जितके उंच जावे तितकी हवा गार, आणि हवा जितकी गार तितकी बर्फरोधक यंत्रणेला उष्णता जास्त लागणार, असे बहुतेक विद्यार्थी छातीठोकपणे सांगतात. पहिला भाग बरोबर आहे. दुसरा कधी बरोबर असतो, तर कधी अगदी उलटा. पंखाची पुढची कड शून्याच्या जेमतेम वर राखून ओली ठेवायची असेल, तर उंचीबरोबर उष्णतेची गरज वाढते. कडेवर आदळलेले पाणी तिथल्या तिथे पूर्ण वाळवायचे असेल, तर तीच गरज उंचीबरोबर घटू शकते. शिवाय उष्णता पुरवणारे इंजिनही उंचीवर बदलते. हा सगळा हिशोब एकदा स्वतःच्या हाताने मांडला की कॉकपिटमधले अँटी-आइसचे, म्हणजे याच बर्फरोधक यंत्रणेचे, नियम पाठ करावे लागत नाहीत, ते कळतात.

हा लेख व्यावसायिक वैमानिक परवान्याचा अभ्यास करणारे, विमान देखभाल अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि विमानविद्येत प्रकल्प करणारे यांच्यासाठी आहे. कागद, पेन आणि साधा कॅल्क्युलेटर पुरेल. इथले आकडे समजून घेण्यासाठी आहेत. प्रत्यक्ष उड्डाणात तुमच्या विमानाची मान्यताप्राप्त पुस्तिका सांगेल तेच अंतिम.

पायरी १: आधी शून्य अंशाची पातळी शोधा

प्रमाण वातावरणात समुद्रसपाटीला १५ अंश सेल्सिअस तापमान धरतात आणि दर हजार फुटांना ते सुमारे २ अंशांनी उतरते. म्हणजे शून्य अंश साधारण ७,५०० फुटांवर येतो आणि ३६,००० फुटांवर उणे ५६.५. प्रत्यक्षातले आकाश असे क्वचितच वागते. जुलैत मुंबईवर शून्य अंशाची पातळी १६,००० ते १८,००० फुटांवर असते. उत्तर अमेरिकेत किंवा युरोपात हिवाळ्यात ती थेट जमिनीला टेकते. त्यामुळे १२,००० फूट ही उंची सह्याद्रीवर पावसाळ्यात साध्या पावसाची असते, आणि अमेरिकेतल्या मोठ्या सरोवरांच्या भागात शरद ऋतूत घट्ट बर्फाची. ३१ ऑक्टोबर १९९४ रोजी इंडियाना राज्यात रोझलॉनजवळ कोसळलेले एटीआर ७२ हे विमान १०,००० फुटांवर घिरट्या घालत होते. त्यात ६८ जण गेले. उंची फार नव्हती, हवाही कडाक्याची गार नव्हती. ढगात मोठ्या आकाराचे अतिशीत, म्हणजे शून्याखाली जाऊनही न गोठलेले, थेंब होते आणि संरक्षित भागाच्या मागे बर्फ साचला.

म्हणून पहिले काम हे: हवामान अहवालातून शून्य अंशाची पातळी घ्या, आणि तुमची उंची तिच्यापेक्षा किती वर आहे ते लिहा. पुढचा सगळा हिशोब समुद्रसपाटीपासूनच्या उंचीपेक्षा या फरकावर जास्त अवलंबून आहे.

मोठ्या प्रवासी विमानांच्या अमेरिकी प्रमाणनात, म्हणजे विमानाला मान्यता देण्याच्या नियमांत, भाग २५ च्या परिशिष्ट सी मध्ये, बर्फाच्या ढगांचे दोन नमुने दिले आहेत. पसरट, थरांचे ढग: समुद्रसपाटीपासून २२,००० फुटांपर्यंत, तापमान उणे ३० पर्यंत, थेंबांचा मध्यम व्यास १५ ते ४० मायक्रॉन. उभे वाढणारे ढग: ४,००० ते २२,००० फूट, उणे ४० पर्यंत, थेंब १५ ते ५० मायक्रॉन, आणि पाणी कितीतरी जास्त. उणे ४० ही सीमा निसर्गाने आखलेली आहे. त्याच्या आसपास शुद्ध पाण्याचे थेंबही आपोआप गोठतात, द्रवरूपात टिकत नाहीत. पण २२,००० फूट ही रेघ उष्ण कटिबंधात सैल पडते. मोसमी पावसाळ्यात त्या उंचीला तापमान उणे १० च्या आसपास असू शकते आणि उणे ४० गाठायला ३५,००० फुटांच्या आसपास जावे लागते. क्युम्युलोनिंबस, म्हणजे गडगडाटी वादळी ढगाच्या जोरदार ऊर्ध्व प्रवाहात २२,००० फुटांच्या वरही द्रव पाणी सापडते, हे भारतात उडणाऱ्याने विसरू नये.

पायरी २: वेगाची ऊब मोजा

हवा विमानावर आदळून थांबते तेव्हा ती तापते. किती तापते याचे सूत्र सोपे आहे: खरा हवाई वेग मीटर प्रति सेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा, २,०१० ने भागा. उत्तर अंश सेल्सिअसमध्ये येते. बाहेरच्या स्थिर तापमानात, म्हणजे एसएटीमध्ये, ही वाढ मिळवली की टीएटी, म्हणजे एकूण तापमान, मिळते.

इथे उंचीचा पहिला फायदा दिसतो. वेगदर्शकावर २५० नॉट दिसत असताना समुद्रसपाटीला खरा वेगही २५० नॉट, म्हणजे सुमारे १२९ मीटर प्रति सेकंद असतो, आणि ऊब ८ अंशांची. तेच २५० नॉट २०,००० फुटांवर दिसत असतील तर खरा वेग सुमारे ३३६ नॉट असतो आणि ऊब १५ अंशांच्या जवळ जाते. ३५,००० फुटांवर माक ०.८ ने, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या ०.८ पटीने, जाणाऱ्या जेटला ती तब्बल २८ अंश मिळते.

आता प्रश्न पडेल की टीएटी शून्याच्या वर असेल तर काळजी कशाला? बोइंग आणि एअरबसच्या कार्यपद्धतीत तर दृश्य आर्द्रता असताना टीएटी १० अंश किंवा त्याखाली आली की इंजिन अँटी-आइस चालू करायला सांगतात. कारण टीएटी हे हवा पूर्ण थांबते त्या बिंदूचे तापमान आहे. इंजिनाच्या तोंडाशी कडेवरून वळताना हवा वेग घेते आणि गार होते. ओला पृष्ठभाग बाष्पीभवनाने आणखी थंड होतो, माठातले पाणी गार होते त्याच कारणाने. ही दोन्ही वजाबाकी टीएटीच्या आकड्यात दिसत नाही, म्हणून सीमा १० वर ठेवली आहे.

पायरी ३: विरळ हवा किती उष्णता पळवते

१०,००० फुटांवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ७४ टक्के असते, २०,००० फुटांवर ५३ टक्के आणि ४०,००० फुटांवर जेमतेम चौथा हिस्सा. विरळ हवा पृष्ठभागावरून उष्णता कमी वाहून नेते. हे प्रमाण घनता आणि खरा वेग यांच्या गुणाकारावर ठरते: पंखाच्या नाकाशी, जिथे प्रवाह गुळगुळीत असतो, तिथे गुणाकाराच्या वर्गमुळाप्रमाणे, आणि प्रवाह खवळलेला असेल तिथे साधारण ०.८ घाताप्रमाणे.

दर्शक वेग तोच ठेवून वर गेलात तर घनता घटते, पण खरा वेग वाढतो. म्हणून गुणाकार वाटतो तितका पडत नाही. २२० नॉट दर्शक वेगाने १०,००० वरून २०,००० फुटांवर गेल्यास उष्णता नेण्याची क्षमता ८ ते १३ टक्क्यांनीच घटते. घनता निम्मी झाली की उष्णतेची गळती निम्मी झाली, असा झटपट निष्कर्ष काढणाऱ्यांनी हा हिशोब नक्की करून पाहावा.

पायरी ४: पाणी किती आदळते

गार हवेत बाष्प कमी, म्हणून ढगातले द्रव पाणीही कमी. परिशिष्ट सी मधल्या पसरट ढगांसाठी, १५ मायक्रॉनच्या थेंबांना, शून्य अंशाला ०.८ ग्रॅम प्रति घनमीटर पाणी धरतात, उणे १० ला ०.६, उणे २० ला ०.३ आणि उणे ३० ला ०.२. थेंब मोठे धरले तर हे आकडे आणखी उतरतात. थरांच्या वर चढत गेल्यावर पंखावर आदळणारे पाणी झपाट्याने कमी होते, हा मुद्दा पुढच्या पायरीत सगळे चित्र पालटवतो.

पायरी ५: दोन उंचींचा पूर्ण हिशोब मांडा

हा भाग सावकाश वाचा, शक्यतो आकडे स्वतः मांडून.

प्रसंग पहिला: १०,००० फूट, उणे १० अंश. प्रसंग दुसरा: २०,००० फूट, उणे ३० अंश. दोन्हीकडे दर्शक वेग २२० नॉट. खरा वेग अनुक्रमे १३० आणि १५१ मीटर प्रति सेकंद येतो. ऊब ८ आणि ११ अंश, म्हणजे पृष्ठभागाला जाणवणारी हवा सुमारे उणे २ आणि उणे १९ अंशांची. उष्णता नेण्याचा गुणांक पहिल्या प्रसंगात ३०० वॅट प्रति चौरस मीटर प्रति अंश धरू, दुसऱ्यात दहा टक्के कमी, म्हणजे २७०. ढगातले पाणी ०.४ आणि ०.१५ ग्रॅम प्रति घनमीटर धरू, आणि वाटेतल्या पाण्यापैकी निम्मे कडेवर आदळते असे मानू. मग दर चौरस मीटरवर दर सेकंदाला पहिल्या प्रसंगात २६ ग्रॅम पाणी येते आणि दुसऱ्यात सुमारे ११ ग्रॅम.

आधी कड ५ अंशांवर ठेवून फक्त ओली राखायची आहे असे धरा. उष्णता तीन वाटांनी जाते.

वाहत्या हवेत: पहिल्या प्रसंगात ३०० गुणिले ७, म्हणजे २.१ किलोवॅट प्रति चौरस मीटर. दुसऱ्यात २७० गुणिले २४, म्हणजे साधारण ६.५.

गार थेंब ५ अंशांपर्यंत तापवण्यात: पहिल्या प्रसंगात १.६ किलोवॅट, दुसऱ्यातही जवळजवळ तेवढेच. थेंब जास्त गार आहेत, पण आहेतही कमी.

बाष्पीभवनात: हा खर्च विद्यार्थ्यांच्या वहीत बहुतेक वेळा नसतोच, आणि दोन्ही प्रसंगांत सगळ्यांत मोठा तोच आहे. हवेचा दाब कमी झाला की त्याच तापमानाला पाणी जास्त वेगाने उडते. शिवाय उणे ३० च्या हवेत बाष्प जवळपास नसतेच, त्यामुळे ओढ आणखी वाढते. पहिल्या प्रसंगात बाष्पीभवनाला सुमारे ४.३ किलोवॅट लागतात, दुसऱ्यात सुमारे ८.

बेरीज करा: १०,००० फुटांवर ८ किलोवॅट प्रति चौरस मीटर, २०,००० फुटांवर १६. ओली कड राखायची असेल तर गरज दुप्पट झाली.

आता दुसरी पद्धत. आदळलेले सगळे पाणी जागच्या जागी उडवून कड कोरडी ठेवायची. एक किलो पाणी वाफ करायला सुमारे २५ लाख जूल लागतात. ही किंमत उंचीप्रमाणे फारशी बदलत नाही, पण उडवायचे पाणी बदलते. पहिल्या प्रसंगात नुसत्या वाफेला ६५ किलोवॅट आणि तेवढे बाष्पीभवन साधायला कडेचे तापमान सुमारे ४४ अंश हवे. वाहत्या हवेत आणि पाणी तापवण्यात जाणारी उष्णता धरून बेरीज ८५ किलोवॅटच्या आसपास जाते. दुसऱ्या प्रसंगात वाफेला २८ किलोवॅट, कडेचे तापमान अवघे २४ अंश, आणि एकूण ४२ किलोवॅटच्या आसपास. गरज निम्मी झाली.

म्हणजे त्याच दोन उंचींमध्ये एका पद्धतीची गरज दुप्पट होते आणि दुसरीची निम्मी. ओली कड तापमानाच्या हुकमात असते, कोरडी कड पाण्याच्या. कोणी विचारले की उंचीवर अँटी-आइसला जास्त उष्णता लागते का, तर आधी त्यालाच विचारा, कोणत्या पद्धतीच्या?

आणखी एक गोष्ट याच आकड्यांत दडली आहे. कड ओली ठेवताना काही पाणी आपोआप उडतेच. पहिल्या प्रसंगात आलेल्या पाण्याच्या ७ टक्क्यांहून कमी, दुसऱ्यात जवळपास ३० टक्के. उरलेले पाणी मागे वाहते आणि तापवलेला पट्टा संपला की पुन्हा गोठते. याला रनबॅक बर्फ म्हणतात. तो पंखाच्या वरच्या पाठीवर, हीटर पोहोचत नाही तिथे आडव्या कण्यासारखा उभा राहतो, आणि कधीकधी कडेवरच्या बर्फापेक्षाही पंखाला जास्त बाधतो. हा धोका शून्याच्या जवळच्या, पाण्याने भरलेल्या खालच्या ढगांत सर्वाधिक असतो.

पायरी ६: पुरवठ्याची बाजू तपासा

गरजेचा आकडा हातात आला, आता उष्णता येते कुठून ते बघू. बहुतेक जेट विमानांत ती इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधून काढलेल्या गरम हवेतून येते. ही ब्लीड हवा पंखाच्या कडेत बसवलेल्या भोके पाडलेल्या नळीतून आतल्या बाजूवर फवारली जाते. ७३७ मध्ये प्रत्येक पंखाच्या आतल्या बाजूचे तीन स्लॅट, म्हणजे पुढच्या कडेचे सरकणारे तुकडे, असे तापवतात, ए३२० मध्ये बाहेरच्या बाजूचे तीन.

उंचीचा फटका इथे तीन ठिकाणी बसतो.

पहिला दाबात. २०,००० फुटांवर बाहेरचा दाब समुद्रसपाटीच्या ४६ टक्के असतो. कॉम्प्रेसरने दाब तेवढ्याच पटीने वाढवला तरी ब्लीडचा दाब त्याच प्रमाणात उतरतो, आणि नळीच्या भोकांतून जाणारी हवाही.

दुसरा तापमानात. दाब पाचपट करणारा आदर्श कॉम्प्रेसर १५ अंशांची हवा घेतली तर तिला सुमारे १८३ अंशांवर नेतो. उणे १९ अंशांची हवा घेतली तर सुमारे १३० वर. खऱ्या कॉम्प्रेसरमध्ये दोन्ही आकडे थोडे वर जातात, फरक मात्र राहतो. म्हणून तापमान पुरेसे नसेल तेव्हा ब्लीड यंत्रणा पुढच्या, जास्त दाबाच्या टप्प्यातून हवा घेते. बऱ्याच ७३७ विमानांत नेहमीची हवा पाचव्या टप्प्यातून येते आणि कमी पडली की नवव्यातून.

तिसरा फटका वाटपात. केबिनचा दाब राखणारी हवाही त्याच ब्लीडमधून जाते, आणि विमान जितके उंच तितकी केबिनची भूक मोठी. ७३७ च्या वैमानिक पुस्तिकेत सुमारे ३५,००० फुटांच्या वर विंग अँटी-आइस वापरल्यास ब्लीड ट्रिप होऊन, म्हणजे तिचा पुरवठा आपोआप बंद पडून, केबिनचा दाब जाऊ शकतो, असा इशारा आहे. ज्याने पुरवठा आणि वाटप यांचा हिशोब केला आहे त्याला हा इशारा आपोआप पटतो.

या सगळ्यात अवघड वेळ उंच क्रूझची, म्हणजे वरच्या स्थिर उड्डाणाची, नसते. अवघड वेळ असते ती आयडलवर, म्हणजे इंजिन किमान शक्तीवर ठेवून, खाली उतरतानाची. इंजिन मंद, कॉम्प्रेसरची दाबपट पडलेली, बाहेरचा दाब अजून कमी, आणि विमान वरच्या कोरड्या थंडीतून खालच्या ओल्या ढगांत शिरत असते. गरज वाढत असते त्याच क्षणी पुरवठा तळाला असतो. म्हणून अनेक इंजिनांचे संगणक अँटी-आइस चालू होताच आयडलचा वेग आपोआप वाढवतात. त्याने विमान कमी वेगाने उतरते, त्यामुळे उतरण्याची सुरुवात थोडी आधी करावी लागते. उतरणीच्या नियोजनात, फ्लाइट मॅनेजमेंट संगणकात, अँटी-आइस कोणत्या उंचीपासून चालू असेल ते आधीच भरा.

दुसरी अवघड वेळ होल्डिंगची, म्हणजे परवानगीची वाट पाहत घिरट्या घालण्याची. कमी वेग, मधली उंची, एकाच ढगात पुन्हा पुन्हा फेऱ्या. प्रमाणनाच्या वेळी ४५ मिनिटांचे होल्डिंग गृहीत धरून तपासणी करण्याची प्रथा यामुळेच पडली.

पायरी ७: विजेवर तापणाऱ्या भागांचा वेगळा विचार करा

पिटो नळ्या (हवाई वेग मोजणाऱ्या), काचा, प्रोपेलरची पाती विजेवर तापतात. बोइंग ७८७ मध्ये तर पंखाच्या कडाही विजेच्या गाद्यांनी तापतात. इंजिनाच्या तोंडाला मात्र तिथेही ब्लीड हवाच आहे. विजेचा हीटर ब्लीडसारखा उंचीवर दुबळा होत नाही. त्याची अडचण उलट दिशेची. वॅट तेच राहिले आणि विरळ, कोरडी हवा उष्णता कमी नेऊ लागली, तर पृष्ठभाग जास्त तापतो. म्हणून असे हीटर तापमान पाहून नियंत्रित करावे लागतात, किंवा तापल्यावर ज्याचा विद्युतरोध वाढतो अशा पदार्थाचे बनवावे लागतात. जमिनीवर हवेचा प्रवाहच नसतो, तेव्हा हीच गोष्ट टोकाला जाते. देखभाल करणाऱ्यांनी पिटो हीट चालू असताना नळीला उघडा हात लावू नये तो यासाठी.

प्रोपेलरच्या पात्यांवर हीटर आळीपाळीने चालतो: थोडा वेळ तापवायचे, चिकटलेला थर सुटला की केंद्रापसारी बल त्याला फेकून देते. हवा जितकी गार तितका तापवण्याचा काळ लांब हवा. काळ कमी पडला तर थर सुटत नाही, जास्त झाला तर पाणी मागे वाहून गोठते. कोल्हापूरसारख्या विमानतळांवर येणाऱ्या एटीआर ७२ मध्ये प्रोपेलर, काचा, पिटो आणि नियंत्रण पृष्ठांची शिंगे, म्हणजे त्यांची पुढे आलेली टोके, विजेवर तापतात, पंखांच्या कडांना मात्र हवेने फुगणारे रबरी बूट असतात. या विमानाची कमाल उंची २५,००० फूट. म्हणजे ते बर्फाच्या पट्ट्याच्या वर निघूनच जाऊ शकत नाही, त्याला त्या पट्ट्यातच काम करावे लागते. जेटसाठी बनवलेले ठोकताळे त्याला लावू नका.

पायरी ८: उणे ४० च्या पलीकडचे बर्फकण

बोइंगच्या कार्यपद्धतीत चढताना आणि क्रूझमध्ये एसएटी उणे ४० च्या खाली असेल तर इंजिन अँटी-आइस बंद ठेवता येते, कारण तिथे चिकटणारे द्रव थेंब उरत नाहीत. पण उतरताना, ढगात असाल तर, उणे ४० च्या खालीही ते आधीच चालू करायला सांगतात. पायरी ६ मधली आयडलची अडचण आठवली तर कारण लक्षात येईल: गरम व्हायला वेळ आणि ब्लीड दोन्ही लागतात.

या उंचीवरचा खरा शत्रू म्हणजे मोठ्या वादळी ढगांच्या माथ्याशी तरंगणारे बारीक बर्फकण. गार पंखावरून ते उडून जातात, काही बिघडवत नाहीत. तापवलेल्या पृष्ठभागावर मात्र वितळतात, ओला थर होतो, त्याला पुढचे कण चिकटतात, आणि हीटरची उष्णता संपेपर्यंत ते येतच राहतात. एक ग्रॅम बर्फ वितळवायला ३३४ जूल लागतात, आणि द्रव थेंबाला हा खर्च नसतो. म्हणजे थेंबांसाठी पुरेसा असलेला हीटर तेवढ्याच वजनाच्या बर्फकणांपुढे तोकडा पडू शकतो.

रिओ दी जानिरोहून पॅरिसला निघालेले एअर फ्रान्सचे ४४७ क्रमांकाचे उड्डाण १ जून २००९ रोजी अटलांटिकवर ३५,००० फुटांवर होते. पिटो हीट चालू होती, नळ्या त्या वेळच्या प्रमाणनात बसत होत्या. तरी बर्फकणांनी त्या तात्पुरत्या तुंबल्या, वेगाचे आकडे विसंगत झाले, ऑटोपायलट सुटला, आणि पुढच्या काही मिनिटांत विमान स्टॉल होऊन, म्हणजे पंखांची उचल हरवून, समुद्रात गेले. २२८ माणसे. नळ्या सुमारे एका मिनिटात पुन्हा नीट काम करू लागल्या होत्या. तेवढा वेळ ठरलेला पिच (नाकाचा कोन) आणि ठरलेला थ्रस्ट (इंजिनाचा जोर) धरून विमान सरळ ठेवणे, हाच अविश्वसनीय वेगदर्शकावरचा उपाय आहे, आणि तो सिम्युलेटरमध्ये उंचीवरच घोटून घ्यायला हवा.

बर्फकणांची चाहूल रडारवर नीट लागत नाही, कारण ते पावसासारखे प्रतिध्वनी देत नाहीत. दुसऱ्या खुणा पाहा: खाली लाल पट्टा आणि तुमच्या उंचीला रडार रिकामे, काचेवर पाऊस असल्यासारखा आवाज, आणि टीएटी अचानक शून्याला येऊन तिथेच अडकणे. टीएटीचा सेन्सर स्वतः तापवलेला असतो. त्यात बर्फकण साचून वितळू लागले की तो वितळणाऱ्या बर्फाचे तापमान दाखवतो. अशा वेळी ढगाच्या माथ्याला, वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूने, मोठा वळसा घाला. हीटरच्या भरवशावर त्यातून जाऊ नका.

पायरी ९: कामगिरीतून किंमत वजा करा

ब्लीड काढली की इंजिनाचा थ्रस्ट घटतो आणि इंधन जास्त जळते. समुद्रसपाटीवर लांब धावपट्टी असेल तर ही वजाबाकी पचते. लेहचा विमानतळ १०,६८२ फुटांवर आहे. तिथे थ्रस्ट आधीच उतरलेला, सभोवती डोंगर, आणि हिवाळ्यात पहाटे ढग किंवा बर्फवृष्टी असेल तर इंजिन अँटी-आइस चालू ठेवूनच उड्डाणाचे वजन काढावे लागते. एक इंजिन बंद पडल्यावर विमान किती उंची टिकवू शकेल, या तक्त्यातही अँटी-आइससाठी वेगळी दुरुस्ती असते. हिमालयावरून जाताना ती दुरुस्ती न लावलेला आकडा कागदावर छान दिसतो आणि डोंगराच्या माथ्याला कमी पडतो.

वजाबाकी नको म्हणून अँटी-आइस बंद ठेवणे हा त्यावरचा उपाय नाही. १३ जानेवारी १९८२ रोजी वॉशिंग्टनहून हिमवृष्टीत निघालेल्या एअर फ्लोरिडाच्या ७३७ मध्ये इंजिन अँटी-आइस बंद होते. इंजिनाच्या तोंडाशी असलेला दाब मोजणारा सेन्सर बर्फाने तुंबला, आणि दाबाच्या गुणोत्तरावरून थ्रस्ट सांगणारा दर्शक २.०४ दाखवत असताना इंजिने प्रत्यक्षात १.७० वर होती. विमान पोटोमॅक नदीवरच्या पुलाला धडकले. पुलावरच्या चौघांसह ७८ जण गेले. उंची होती जवळपास शून्य.

पायरी १०: यंत्रणा बंद पडली तर वर की खाली?

हा निर्णय उड्डाणाआधी घेऊन ठेवा, हवेत नव्हे. पायरी १ मध्ये लिहिलेला फरक आता उपयोगी पडतो. जुलैत पुण्याहून नागपूरला जाताना १९,००० फुटांवर बर्फ लागला, तर शून्य अंशाची पातळी एक ते तीन हजार फूट खाली असते आणि तिथेही जमिनीपासून भरपूर अंतर उरते. खाली उतरा, विमान स्वतःच स्वच्छ होईल. जानेवारीत श्रीनगर किंवा लेहच्या वाटेवर हा मार्ग बंद असतो, कारण उबदार हवा असलीच तर ती किमान सुरक्षित उंचीच्या खाली असते. तिथे पर्याय दोनच. बर्फ अजून पातळ आहे आणि थ्रस्ट शिल्लक आहे तोवर ढगाच्या वर चढणे, किंवा आलेल्या वाटेने मागे वळणे. पसरट ढगाचा बर्फाचा थर प्रमाणनाच्या नमुन्यात जास्तीत जास्त ६,५०० फूट जाडीचा धरला आहे आणि प्रत्यक्षात तो बहुधा त्याहून पातळ असतो, म्हणून दोन-तीन हजार फुटांचा बदलही पुष्कळदा पुरतो.

चढायचे ठरले तर नाक जास्त वर उचलू नका. वेग पडला की पंखाच्या खालच्या पोटावर, तापवलेल्या पट्ट्याच्या मागे थेंब आदळू लागतात. ऑटोपायलट सोडून हाताने उडवा, म्हणजे नियंत्रणांवरचा बदललेला ताण हाताला जाणवेल. वाहतूक नियंत्रकाला स्पष्ट शब्दांत सांगा की बर्फ जमतो आहे, यंत्रणा बंद आहे आणि उंची आत्ता बदलून हवी आहे. उतरताना पुस्तिकेत बर्फासाठी दिलेला वाढीव वेग आणि फ्लॅपची मर्यादा पाळा. काच स्वच्छ झाली म्हणजे शेपूटही स्वच्छ झाली, असे धरू नका. ७३७ आणि ए३२० सारख्या विमानांत शेपटाला तापवणारी यंत्रणाच नसते, आणि कॉकपिटमधून ते दिसतही नाही.